तिसऱ्या दिवशी कुदळ

प्रिय मावशी,

मी वाईची. पुण्यात समाजशास्त्रात एम. ए. करते आहे. पुढच्या वर्षी टांझानियातल्या दार-एस-सलाम विद्यापीठात दहा महिने शिकायची संधी मिळाली आहे. स्वाहिली भाषा, तिथला समाज, संस्कृती आणि शेवटी एक छोटा प्रकल्प. मला जायचंय, पण घरात कुणाला पटत नाही. बाबा म्हणतात, शिकायला माणसं इंग्लंड-अमेरिकेला जातात, आफ्रिकेत जाऊन तू काय शिकणार? आजीला माझ्या जेवणाची काळजी, आईला माझी. बाबांच्या ओळखीतून तिथल्या उपांगा भागातलं एक गुजराती कुटुंब मला ठेवून घ्यायला तयार आहे. शाकाहारी घर, इमारतीला रखवालदार. तिथे राहणार असशील तरच जा, असं बाबांनी सांगितलंय. विद्यापीठाने मात्र एका स्थानिक घरात सोय केली आहे. माझ्या मनात आणखी एक सल आहे. मानवशास्त्र साहेबाच्या राज्यकारभाराच्या सोयीने वाढलं, असं आम्ही वर्गात शिकलो. मग मी तिथे जाऊन लोकांच्या घरात डोकावणं बरोबर आहे का? मी तर गोरी नाही, तरीही. तुम्ही तिथे राहिला आहात म्हणून विचारते.

गोंधळलेली, वाई

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटी येऊन थांबले. ‘मी तर गोरी नाही, तरीही.’ हे ‘तरीही’ तुझ्या मनात आलं, म्हणूनच मी तुला जा म्हणते.

मी गेले तेव्हा माझ्या मनात ते नव्हतं. आपणही इंग्रजांचं राज्य सोसलं, त्यांनीही सोसलं, मग आपल्यात आडपडदा कसला, अशी माझी समजूत. पहिल्याच आठवड्यात कारियाकूच्या बाजारात कांगा घ्यायला गेले. (पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ओझी वाहायला जे आफ्रिकी हमाल नेले, त्यांच्या ‘कॅरियर कोअर’ पलटणीचं नाव लोकांच्या तोंडी बदलत बदलत कारियाकू झालं. शहरातला सगळ्यात गजबजलेला बाजार आजही त्या हमालांच्या नावाने ओळखला जातो.) कांगा म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात, डोक्यावरून घेतात, मूल पाठीशी बांधतात ते सुती कापड. चारी बाजूंनी काठ, मध्ये नक्षी आणि खालच्या काठाच्या वर एक ओळ छापलेली. कधी म्हण, कधी टोमणा, कधी आशीर्वाद. ती ओळ पाहूनच कांगा घेतला जातो. शेजारणीला जे तोंडावर बोलता येत नाही, ते कमरेला गुंडाळून तिच्या दारावरून जायचं.

विकणारी बाई साठीची असेल. तिने एक जांभळा कांगा पसरला आणि त्यावरची ओळ मला वाचायला लावली. ‘वेमा हाउओझी.’ चांगुलपणा नासत नाही. मी अडखळत वाचलं तशी ती हसली आणि विचारलं, तू इथेच जन्मलीस का? म्हटलं नाही, मी भारतातून आले. तिचा चेहरा एकदम सैल झाला. ‘बासी, वेवे नी म्गेनी.’ मग तू पाहुणी आहेस. मला वाटलं आता ती भारताबद्दल काही विचारील. ती म्हणाली, आमच्या गावात एका मुहिंदीचं दुकान होतं. माझ्या आईने तीस वर्षं त्याच्याकडून मीठ घेतलं. त्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कांग्याची घडी घालता घालता बोलून गेली. मी पैसे दिले आणि घरी आले, पण त्या दिवसापासून माझ्या वहीची पहिली पानं मला वेगळी दिसायला लागली. मी त्यांना बघायला आले होते आणि ते मला शंभर-सव्वाशे वर्षांपासून बघत होते.

मुली, तिथे तू मुहिंदी असशील. मुहिंदी म्हणजे भारतीय, अनेकवचन वाहिंदी. दार-एस-सलामच्या जुन्या भागाला उहिंदिनी म्हणत, म्हणजे हिंदी लोकांची वस्ती. गोऱ्यांची ती उझुंगुनी, आफ्रिकी लोकांची ती उस्वाहिलिनी. जर्मनांच्या काळापासून शहराचे असे तीन भाग पाडलेले, इंग्रजांनी ते तसेच चालू ठेवले. समुद्रकाठची मोकळी हवा साहेबाला, मधला बाजार हिंदी व्यापाऱ्याला आणि मागची दाट वस्ती बाकीच्यांना. कायद्यातली ती रेष पुसली गेली, पण रस्त्यांतून अजून दिसते. तुला ज्या घरात राहायचं सुचवलंय ते उपांगा त्या मधल्या पट्टीला लागूनच आहे. बाबांनी ज्या सुरक्षिततेच्या भरवशावर ते घर निवडलं, तिच्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

तू म्हणशील, दुकानं कच्छी-गुजरात्यांची, आपला काय संबंध? झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता कच्छच्या भाटिया पेढीकडे होता, गावोगावची ‘दुका’ त्यांची, हे खरं. गोव्याची माणसंही होती, कचेरीत कारकून, शिंपी, बेकरीवाले, बँडवाले. मराठी तुरळक. पण त्या कांगेवालीला हे पोटभेद दिसत नाहीत. तिच्या आईकडून भुईमूग, कापूस, लवंग कमी भावाने घेणारा आणि तिला मीठ, रॉकेल, कापड उधारीवर देणारा माणूस आपल्यासारखा दिसत होता. साहेब तिने क्वचितच पाहिला, दुकानदार रोज पाहिला. १९७१ साली टांझानिया सरकारने एक लाख शिलिंगांवरच्या किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या. त्यातल्या बहुतेक हिंदी मालकांच्या होत्या. त्यानंतर कितीतरी कुटुंबं देश सोडून गेली. त्यांच्या घरात ती गोष्ट अन्यायाची म्हणून सांगतात, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत उभ्या जन्माची कमाई गेली त्याला तसं वाटणारच. त्याच रस्त्यावर भाडं भरणाऱ्या माणसाच्या घरी ती वेगळी सांगतात. दोन्ही ऐक. उपांग्यातलं जेवण जेवताना एक ऐक, डालाडालात, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडून दुसरी ऐक.

आणि हेही शोध की सगळे वाहिंदी गल्ल्यामागे बसून राहिले नव्हते. अमीर जमाल हे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या मंत्रिमंडळात अनेक वर्षं अर्थमंत्री होते. सोफिया मुस्तफा स्वातंत्र्याआधीच निवडून विधिमंडळात गेल्या. तू ज्या विद्यापीठात जाणार आहेस, तिथेच इसा शिवजींनी कायदा शिकवला आणि सत्तेवर बसलेल्यांना वर्षानुवर्षं अडचणीचे प्रश्न विचारले. मुहिंदी म्हणून जगायच्या वाटा एकाहून जास्त आहेत, एवढं यातून तुला दिसेल.

आता बाबांचा प्रश्न. त्यांना सांग, दार-एस-सलाम विद्यापीठ १९६१ साली मूठभर विद्यार्थ्यांवर सुरू झालं आणि दहा वर्षांत अशी वेळ आली की वसाहतवादावर काही म्हणायचं असलेला माणूस त्या टेकडीवर येऊन बोलून जायचा. गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी तिथे शिकवत होते. युरोपने आफ्रिकेला कसं मागे ढकललं, यावरचं त्यांचं पुस्तक १९७२ साली आलं ते तिथल्याच दिवसांत लिहिलेलं. पुढे युगांडाचे राष्ट्राध्यक्ष झालेले योवेरी मुसेवेनी तिथले विद्यार्थी. विद्यापीठाला लोक ‘म्लिमानी’ म्हणतात, म्हणजे टेकडीवर. समाजशास्त्राच्या माणसासाठी ती टेकडी काही आडबाजूची नाही. बाबांना संस्थांच्या नावांनी धीर येत असेल, तर हेही सांग की मद्रासच्या आयआयटीने आपली देशाबाहेरची पहिली शाखा २०२३ साली काढली ती झांझिबारमध्ये.

आणि शिकायला काय आहे? एकच गोष्ट सांगते. त्या देशात सव्वाशेच्या आसपास समाज आहेत, प्रत्येकाची बोली वेगळी, तरी सगळा देश एका भाषेत भांडतो, प्रेम करतो आणि संसदेत बोलतो. ती भाषा ना साहेबाची, ना कुठल्या एका बलाढ्य जमातीची. किनाऱ्यावर व्यापारात वाढलेली स्वाहिली न्येरेरेंनी देशाची केली. राष्ट्राध्यक्ष असलेल्या माणसाने वेळ काढून शेक्सपिअरचं ज्युलियस सीझर स्वाहिलीत आणलं, १९६३ साली ते छापून आलं, पुढे व्हेनिसचा व्यापारीही त्यांनीच आणला. आपली भाषा हेही पेलू शकते, हे त्यांना करून दाखवायचं होतं. प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते. पण माध्यमिक शाळेत गेलं की इंग्रजी, आणि तिथे हुशार मुलं गप्प होतात. सातवीपर्यंत हात वर करणारी मुलगी आठवीत खाली मान घालून फळ्यावरचं उतरवून घेते. हे वाचताना तुला वाईची कुठली शाळा आठवली ते मला सांगू नकोस, वहीत लिही. मराठी शाळांवरून आपण जे वाद घालतो, तेच वाद तिथे वेगळ्या वाटेने जाऊन पोचले आहेत. इंग्लंडमध्ये तुला हा प्रश्न पुस्तकात भेटेल, दार-एस-सलाममध्ये शेजारच्या घरातल्या मुलीच्या दप्तरात भेटेल.

भाषा आधी शीक. जायला वेळ आहे, आजपासून लाग. आणि इंग्रजीमार्गे शिकू नकोस, थेट मराठीतून शीक. गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा, रंगी म्हणजे रंग, गुनिया म्हणजे गोणी, साबुनी म्हणजे साबण, मेझा म्हणजे मेज. पेरा म्हणजे पेरू, कारण पोर्तुगीज इकडेही आले आणि तिकडेही गेले. काचुंबारी तुला सांगायला नको. नात्यांत मात्र गंमत होईल. बाबा म्हणजे बाबाच. पण दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई. आत्याला शांगाझी, मामाला म्जोंबा. इंग्रजीतून शिकणारी मुलं सगळ्यांना अंकल-आंटीत कोंबतात आणि मग कोण कुणाकडे पैसे मागू शकतं, कुणाची थट्टा चालते, कुणापुढे पदर सावरायचा, हे त्यांना महिनोन् महिने उमगत नाही. तुला ते पहिल्या आठवड्यात कळेल, कारण आत्या आणि मावशी एक नव्हेत हे तू पाळण्यापासून जाणतेस. इरावती कर्व्यांनी नात्यांच्या शब्दांवरून भारतभरच्या समाजांची मांडणी उलगडली. तो वारसा तुझ्या घरचा आहे. आणि हो, धाकट्या मावशीला तिथे ‘मामा म्डोगो’ म्हणतात, धाकटी आई. तू मला पत्रात मावशी लिहिलंस, तेव्हा मला तोच शब्द आठवला.

थट्टेवरून सांगते. तिथे ‘उतानी’ नावाची रीत आहे. काही ठरावीक समाजांमध्ये, काही ठरावीक नात्यांमध्ये, एकमेकांची वाटेल तशी चेष्टा करायचा हक्क असतो. आजी आणि नातवंडात असतो, मेहुण्यांत असतो, आणि अख्ख्या जमातीजमातींतही असतो. न्यामवेझी लोक हस्तिदंताच्या काफिल्यांतून शेकडो मैल चालत किनाऱ्यावर यायचे, त्या वाटेवर ज्यांच्या गावांतून गेले त्यांच्याशी त्यांचं असं थट्टेचं नातं जुळलं. मयताच्या घरीही हे ‘वातानी’ येतात, मेलेल्याची नक्कल करतात, घरच्यांना चिडवतात आणि कामही उपसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हादरले. एक बाई मयताची टोपी घालून त्याच्यासारखी लंगडत चालत होती आणि विधवा हसता हसता रडत होती. त्या हसण्याने तिला पुढचे दोन घास गिळता आले, हे मी समोर बसून पाहिलं.

आता राहायचं कुठे, हा तुझा खरा पेच. मी माझ्याकडून घडलेली एक गोष्ट सांगते.

बागामोयोजवळ एका घरी मी काही महिने होते. घरात आजी, तिची सून, तीन नातवंडं. पहिल्या रात्री जमिनीवर चटई अंथरली, मध्ये सिनिया ठेवली. सिनिया म्हणजे मोठं गोल ताट. त्यात नारळाच्या दुधातला भात, कडेने राजमा, माठाची भाजी. सगळे भोवती बसले, हात धुवायला पाणी फिरलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि सगळ्यांचे उजवे हात त्या एका ताटात गेले. माझा गेला नाही. मी वेगळी थाळी मागितली. सुनेने मुकाट्याने आणून दिली. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या रात्रीही तसंच. तिसऱ्या रात्री धाकट्या नातीने विचारलं, ‘क्वा नीनी अनाकुला पेके याके?’ ही एकटी का जेवते? आजी माझ्याकडे वळून काळजीने म्हणाली, ‘उनाऊम्वा?’ तुला बरं नाही का? त्या घरात वेगळी थाळी फक्त आजाऱ्याला मिळे.

मला उत्तर देता येईना. उष्टं या शब्दाला स्वाहिलीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी बोलले नसते. कारण माझ्या लहानपणी आमच्या घरी वेगळा कप कोणासाठी ठेवला जायचा, तो कोनाड्यात पालथा कसा असायचा, तो डोळ्यांसमोर आला. त्या रात्री मी सिनियापाशी सरकले. आपल्यापुढचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही, हा तिथला नियम. मी दोन घास घेतले आणि पाहिलं तर आजी तिच्या बाजूचा राजमा बोटांनी हळूच माझ्या बाजूला सरकवत होती.

म्हणून माझं म्हणणं असं. बाबांचा मान ठेव, आईचा जीव भांड्यात पडू दे. पहिले दोन आठवडे उपांग्यात राहा. त्या घराची आभारी राहा, ती माणसं परक्या मुलीला ठेवून घेताहेत. तिथून शहर ओळखीचं कर, सिम कार्ड घे, फोनवरून पैसे पाठवायचं शीक, कारण तिथे भाजीवालीसुद्धा तसेच घेते. मग त्या स्थानिक घरात जा आणि उरलेले सगळे महिने तिथेच राहा. रविवारी उपांग्यात जेवायला जात जा. उलटं करू नकोस. उपांग्यात राहून रोज टेकडीवर जायचं म्हटलं, तर एक तर वाटेतच वेळ जातो, तिथल्या वाहतुकीच्या खोळंब्याला ‘फोलेनी’ म्हणतात आणि तो शब्द तू लवकर शिकशील. आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी सहानंतर जो समाज जागा होतो, तो तुला दिसणारच नाही. बाबांना हे माझ्या नावाने सांग. त्यांना वाटलं तर मला लिहू देत.

आपल्याकडे म्हणतात, एक दिवस पाहुणा, दोन दिवस पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. स्वाहिलीतही पाहुण्याची म्हण आहे आणि तीही तिसऱ्या दिवसावरच येते. ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेम्बे.’ दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ दे. या दोन म्हणींवर मी बराच विचार केला आहे. आपली म्हण पाहुण्याला घराचा रस्ता दाखवते. त्यांची त्याला शेताचा दाखवते. राहायचं असेल तर राहा, पण मग घरातलाच एक हो. तुझ्या ‘डोकावण्याच्या’ प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर त्या कुदळीत आहे. तिसऱ्या दिवशी नारळ खवायला बस. तिथे नारळ खवायला ‘म्बुझी’ असते, लाकडी पाटावर पुढे दात असलेली, त्यावर बसूनच खवायचं. आपल्या खवणीच्या विळीवर हात बसला असेल तर तू पहिल्याच दिवशी जिंकशील. पाणी भर, पोरांचा अभ्यास घे. हातात काम असलेल्या बाईशी बायका बोलतात, हातात वही असलेल्या बाईला उत्तरं देतात.

प्रकल्पासाठी विषय काय घेशील? तू लिहिलं नाहीस, पण बहुतेक परदेशी विद्यार्थी लग्न, मसाई किंवा जादूटोणा घेतात. ते घेऊ नकोस. माझं ऐकशील तर ‘उपातू’ घे. उपातू म्हणजे आपली भिशी. दहा-पंधरा बायका दर आठवड्याला ठरलेली रक्कम काढतात, दर वेळी एकीला सगळी मिळते. पैसे गोळा करणारीला ‘किजुंबे’ म्हणतात. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास का बसतो, एखादी हप्ता चुकवून गेली तर काय होतं, नवऱ्याला किती सांगायचं आणि किती नाही, पहिला नंबर कुणाला आणि का, हे सगळं तुझ्या आईला विचार. तिची नाही तर तिच्या मैत्रिणीची भिशी असेलच. तिच्याकडून वाईची भिशी नीट समजून घेऊन जा. मग तिथल्या बाईने उलटून विचारलं, की तुमच्याकडे कसं करतात, तर तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल. साहेबाच्या मानवशास्त्रात प्रश्न एकाच बाजूने जात. तू दोन्ही बाजूंनी जाऊ दे. आणि जे लिहिशील ते परत येण्याआधी स्वाहिलीत त्या बायकांना वाचून दाखव. चूक असेल तर त्या सांगतील. माझ्या एका पानावर त्यांनी पोट धरून हसून घेतलं होतं, ते पान मी पुन्हा लिहिलं आणि ते माझं सगळ्यात चांगलं पान झालं.

एक काम जायच्या आधीचं. पुण्यात आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत, टांझानियाचेही सापडतील. त्यांना भेट. स्वाहिली बोलायला मिळेल, पण त्याहून महत्त्वाचं, त्यांना विचार की पुण्यात खोली कशी मिळाली, किती घरमालकांनी दार लावून घेतलं, रिक्षात, दुकानात लोक काय म्हणतात. २०१६ साली बंगळूरमध्ये टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. अपघात दुसऱ्याच कुणाच्या गाडीने झालेला, तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ही बातमी दार-एस-सलाममध्ये सगळ्यांनी वाचली होती. तुला कुणीतरी विचारील. तेव्हा ‘आमच्याकडे असं नाही’ म्हणू नकोस. तुझ्या आईला तू परक्या शहरात सुरक्षित राहशील का, ही काळजी वाटते ना? त्या मुलींच्या आयांनाही पुण्याबद्दल तीच वाटते.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते. अंधार पडल्यावर एकटी चालू नकोस, पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्याला नको, मोटारीतून किंवा मोटारसायकलवरून हिसकावतात. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, हेल्मेटशिवाय बसू नकोस. किनाऱ्यावर, विशेषतः झांझिबारमध्ये, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाऊ नकोस, पाणीसुद्धा. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये निवडणुकीच्या वेळी तिथे हिंसाचार झाला, दार-एस-सलाममध्ये संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. म्हणून पोचल्यावर लगेच भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदव, राजकीय गर्दीच्या जवळ जाऊ नकोस, आणि राजकारणावर प्रश्न विचारून त्या घरातल्या माणसांना अडचणीत आणू नकोस. तू परत येशील, त्यांना तिथेच राहायचं आहे.

कागदपत्रांना उशीर करू नकोस. परदेशी माणसाला संशोधनासाठी तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचा, कॉस्टेकचा, परवाना लागतो आणि झांझिबारचा वेगळा. तुझ्या प्रकल्पाला तो लागेल का, हे विद्यापीठाला आत्ताच विचार. वस्तीत कामाला लागण्याआधी ‘सेरिकाली या म्ताआ’च्या, म्हणजे मोहल्ल्याच्या कचेरीत पत्र घेऊन जा, अध्यक्षांना भेट. पीतज्वराची लस घेऊन पिवळं कार्ड जपून ठेव. टांझानियाहून भारतात परतताना ते लागतं का, हे जायच्या आधी नीट विचारून घे. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. घड्याळाचं एक लक्षात ठेव: तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. कुणी ‘चौथ्या तासाला ये’ म्हटलं की सकाळी दहाला जायचं.

आजीला सांग, उपाशी राहणार नाही. ‘सिली न्यामा वाला समाकी’ हे वाक्य पाठ कर: मी मांस खात नाही, मासेही नाही. लोक जरा नवल करतील आणि मग राजमा, माठ, कसावा, चपाती समोर ठेवतील. आणि सकाळी रस्त्यावर बाई विटुंबुआ करत असते. तांदूळ आणि नारळाचं पीठ, खळग्यांचा तवा, थोडं तेल, सळईने उलटवायचे. आजी तिथे असती तर म्हणाली असती, अगं हे तर आप्पे. झांझिबारला गेलीस तर कचोरी माग, बटाटेवडा येईल. तुझ्या वाईहून घाट चढलं की पाचगणी, तिथल्या शाळेत १९५५ साली झांझिबारहून एक पारशी मुलगा आला होता, फारुख बलसारा. पुढे जगाने त्याला ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. तो समुद्र ओलांडून पोरं शिकायला जायची रीत तुझ्यापासून सुरू होत नाहीये, फक्त या वेळी दिशा उलटी आहे. हेही आजीला सांग.

आई चिवडा देईलच. तो डब्यात भरायला सांग, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. २०१९ पासून तिथे कॅरी बॅगांना बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. दोन डबे जास्तीचे दे म्हणावं, त्या घरात मुलं असतील.

आणि पहिल्या दिवशी त्या घरापाशी पोचलीस की दार वाजवू नकोस. बाहेर उभी राहून ‘होडी’ म्हण. आतून ‘करिबू’ येईपर्यंत थांब. नाही आलं तर पुन्हा म्हण, तीनदा म्हणायची रीत आहे. आत गेल्यावर घरातल्या सगळ्यात वडील बाईला ‘शिकामू’ म्हण. त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरते, असा सांगतात. ती ‘मराहाबा’ म्हणेल. चपला बाहेर काढायच्या असतात, ते तुला कुणी सांगायला नको.

तुझी,
मावशी